तिसऱ्या जोडीतला वाफा

१

ज्वारी मेल्याची बातमी ज्ञानेश्वरी ढवळेला संख्याशास्त्र विभागात चहा पिताना कळली, आणि तिच्या मनात सगळ्यात आधी जे उमटलं ते दुःख नव्हतं. तिनं कपातला चहा सावकाश संपवला. मग चष्मा पुसला आणि धावत निघालेल्या बाकीच्यांच्या मागोमाग प्रयोगाच्या शेताकडे चालू लागली.

सीना खोरे कृषी विद्यापीठ नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्जतच्याही पुढं, पावसानं कायम हुलकावणी दिलेल्या मुलखात होतं. सरकारी विद्यापीठ. इथले बहुतेक प्रबंध कपाटात जायचे ते वाळवीच्याच कामी यायचे. जगात नाव झालं ते एकाच अभ्यासाचं, आणि तो मोनिका शिरसाटचा होता. गावोगावच्या जुन्या बियाण्यातून निवडलेली 'सीनाई' नावाची ज्वारी पाऊस दडी मारतो तेव्हा मुळं खोल सोडते आणि साधी ज्वारी करपते तिथं कणीस भरते, हे तिनं दाखवलं होतं. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपल्या लेखांत तिचा हवाला देत. मुख्य इमारतीच्या दारात 'विद्यापीठाचे गाजलेले संशोधन' असा फलक होता, आणि त्यात सगळ्यात वर मोनिकाचा फोटो.

त्या अभ्यासाचं सगळं गणित ज्ञानेश्वरीनं केलं होतं. एक अख्खा उन्हाळा ती त्या आकड्यांशी झगडत बसली होती. लेख छापून आला तेव्हा तिचं नाव शेवटच्या ओळीत होतं, आभारांमध्ये, खतं देणाऱ्या कंपनीच्या नावाशेजारी. रोज सकाळी त्या फलकाखालून जाताना ती मान वर करायची नाही, पण फोटो तिला दिसायचाच.

यंदा मात्र त्या अभ्यासावर शंका आली होती. दुसऱ्या एका राज्यातल्या संशोधकांना तसा निकाल मिळाला नव्हता. म्हणून दिल्लीची तज्ज्ञ समिती डिसेंबरअखेर येऊन, शेतात खड्डे खणून, मुळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार होती. त्यासाठी पेरलेला प्रयोग आता समोर पडला होता.

वाफ्यांच्या चार जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत एक वाफा सीनाईचा आणि शेजारचा जुन्या वाणाचा. प्रत्येक जोडीतला एकेक वाफा उभ्याउभ्या मेला होता. पानं पिवळी, कडेनं जांभळी, माना टाकलेली. शेजारचा वाफा मात्र हिरवागार. मेलेल्या वाफ्यांच्या कडेला मोनिका गुडघ्यांवर बसली होती. तिची आई बायडाबाई मांडीचं हाड मोडून नगरच्या दवाखान्यात पडली होती. तिच्या उशापायथ्याला आठवडाभराहून जास्त राहून मोनिका त्याच सकाळी परतली होती, आणि घरी न जाता आधी इथंच आली होती.

तिनं एका ताटाच्या शेंड्याची कोवळी सुरळी, म्हणजे पोंगा, धरून ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा अलगद हातात आला. बुडाशी तो कुजलेला होता.

"मारलं कुणीतरी," ती म्हणाली.

२

कुलगुरूंनी पोलिसांना बोलावलं नाही. दिल्लीला कळलं असतं, वर्तमानपत्रात आलं असतं. त्यांनी ज्ञानेश्वरीला बोलावून घेतलं आणि चौकशी तिच्या एकटीच्या गळ्यात घातली. तुम्ही ना ज्वारीच्या, ना कांद्याच्या, तुम्हाला कुणाशी वैर नाही, असं ते म्हणाले. ज्ञानेश्वरीनं मान डोलावली. बाहेर पडताना तिला स्वतःचं हसू आलं.

ती पुन्हा शेतावर गेली आणि खाली वाकून नीट पाहिलं. ज्वारी मेली होती, पण तिच्या पायाशी उगवलेली माठ, दुधाणी ही रुंद पानांची तणं टवटवीत होती. म्हणजे सगळंच जाळणारं औषध हे नव्हतं. फक्त गवताच्या जातीची पिकं मारायची आणि रुंद पानांना हात लावायचा नाही, असं हे औषध होतं. ज्वारी म्हणजे शेवटी गवताचीच जात. असलं तणनाशक कांद्यात वापरतात, आणि कांदा विभागाची कोठी शेताला लागूनच होती. तिचं दार दिवसभर सताड उघडं असायचं.

राखणदार भिमाजीला तिनं विचारलं तर तो आधी आढेवेढे घेत राहिला. मग म्हणाला, "काल दिवस बुडताना काकासाहेब बांधावर हुते. लई येळ उभं हुते. आमी हाक मारली तर बोललं न्हाईत, निघून गेले."

काकासाहेब गुंजाळ म्हणजे कांदा विभागाचे प्रमुख. संशोधन संचालकाच्या खुर्चीवर त्यांचा डोळा होता, आणि त्या खुर्चीसाठी दुसरं नाव मोनिकाचंच होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ज्ञानेश्वरीला वाटलं, चौकशी सुरू व्हायच्या आतच संपली.

३

काकासाहेबांनी काहीच नाकारलं नाही. डोंगरी शेतकऱ्यांच्या शिबिरासाठी ते पंधरवडाभर भंडारदऱ्याच्या बाजूला होते आणि काल दुपारीच परतले होते. सोबत विभागातली माणसं होती, मुक्काम रोजचा तिथंच, हे नंतर खरंही ठरलं. आल्या आल्या त्यांचे पाय मोनिकाच्या शेताकडे वळले होते. कशाला, असं ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"बघायला," ते म्हणाले. "तिचं पीक किती उंच झालं ते बघायला. जळतो ना मी तिच्यावर, मॅडम. पण गेलो तर पानं पिवळी पडलेली. मला बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही, हा माझा गुन्हा. औषध मी मारलं नाही."

माणूस इतकं उघडं बोलतो तेव्हा ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. ज्ञानेश्वरीनं खाली बघून कागद सारखे केले.

दुसरे होते आबासाहेब नवले, मोनिकाचे मार्गदर्शक, आता निवृत्त होऊन संगमनेरला असलेले. फोनवर ते बराच वेळ कुरकुरत राहिले. सीनाईचं पहिलं बियाणं आपणच खेड्यापाड्यातून गोळा केलं, मोनिका तेव्हा थैल्या शिवत होती, आणि आता मुलाखतीत आपलं नावही येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण गेल्या महिन्यातल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून ते अंगणापलीकडे गेले नव्हते. सुनेनं फोन घेऊन तेच सांगितलं, वर हेही सांगितलं की घरातल्या घरात फिरायलाही त्यांना धरावं लागतं.

तिसरा मोनिकाचा नवरा, वैजनाथ. विस्तार शिक्षण विभागात होता. शेतकऱ्यांचा गट घेऊन तो दोन-तीन दिवसांसाठी हिवरे बाजारला पाणलोटाची कामं दाखवायला गेला होता आणि ज्वारी मेलेली दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी परत आला. ज्ञानेश्वरीला त्यानं स्वतः चहा करून दिला. मऊ बोलणारा माणूस. कॉलेजात तो वर्गात पहिला असायचा आणि मोनिका दुसरी, असं त्यानं हसत हसत सांगितलं. मग कप खाली ठेवून तो थोडा घुटमळला. मोनिकाला जास्त त्रास देऊ नका, आईच्या दुखण्यानं ती खचलीय, म्हणाला.

"आणि एक, मॅडम. बाहेर बोलू नका. या प्रयोगाची तिला फार भीती वाटत होती. मुळं या खेपेला खोल गेली नाहीत तर काय, असं म्हणायची."

ते वाक्य ज्ञानेश्वरीच्या कानात गोड गोड घुमत राहिलं.

४

त्या दुपारी तिनं तणनाशकाची माहिती नीट विचारून घेतली, आणि सगळं चित्र फिरलं. हे औषध झटकन मारत नाही. फवारल्यावर पिकाची वाढ थांबते, पण वरून ते हिरवंच दिसतं. पिवळेपणा यायला आठवडा लागतो, पोंगा कुजून सुटायला त्याहून थोडं अधिक. म्हणजे काकासाहेबांना पानं पिवळी दिसली तेव्हा फवारणी होऊन आठवडा उलटून गेला होता. सगळे जण ज्वारी मेलेली दिसली त्याच्या आदल्या रात्रीचा हिशेब देत होते, आणि त्या रात्रीला काही अर्थच नव्हता.

मग आठवड्यापूर्वी इथं कोण होतं? काकासाहेब डोंगरात. आबासाहेब संगमनेरला. मोनिका मात्र दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसापर्यंत इथंच होती.

आणखी एक गोष्ट होती. ज्वारी लहान असताना दोन्ही वाण सारखेच दिसतात. वाफ्यांवर पाट्या नव्हत्या, मुद्दामच लावल्या नव्हत्या. तरी मारणाऱ्यानं प्रत्येक जोडीत चिठ्ठीप्रमाणे नेमका सीनाईचाच वाफा निवडला होता. कोणत्या जोडीत सीनाई डावीकडे आणि कोणत्या उजवीकडे, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या ज्ञानेश्वरीनंच, आणि त्या वेळी खोलीत मोनिका, आबासाहेब, काकासाहेब आणि वैजनाथ होते.

तिनं मोनिकाला बोलावलं. मोनिका खुर्चीच्या टोकावर बसली. फवारणी आठवड्यापूर्वीची आहे हे ऐकून ती दचकली नाही. प्रयोग फसण्याची भीती वाटत होती का, तर म्हणाली, कुणाला वाटत नाही? मग ज्ञानेश्वरीनं विचारलं, वाफे कुणाला ठाऊक होते?

"चिठ्ठ्या काढताना होते त्यांना," मोनिका म्हणाली. मग तिनं ज्ञानेश्वरीकडे एकटक पाहिलं, जणू काही पुढचं ज्ञानेश्वरीनंच बोलायचं होतं. "तुम्हाला सगळं माहीतच आहे, मॅडम."

ज्ञानेश्वरीला तो उद्धटपणा वाटला. मोनिका गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि अहवाल लिहायला बसली. शंकेच्या भोवऱ्यात सापडलेल्या संशोधिकेनं समिती येण्याआधी स्वतःच आपला प्रयोग मारला. घटनाक्रम जुळत होता, कारण होतं, वाफ्यांची माहिती होती. नवऱ्याचं नाव तिच्या मनात आलं नाही असं नाही, पण बायको मोठी झाली तर नवऱ्याचं काय बिघडतं, असं म्हणून तिनं ते बाजूला सारलं. बोटं भराभर चालत होती. इतक्या उत्साहानं तिनं कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं.

५

अहवालात शेताचा एक फोटो हवा होता, तेवढ्यासाठी ती दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी शेतावर गेली. नोव्हेंबरचं ऊन, पण त्या भागातलं. गेले कित्येक आठवडे पावसाचा थेंब नव्हता आणि काळ्या जमिनीला बोटं जातील एवढ्या भेगा पडल्या होत्या. फोटो काढायला तिनं मोबाईल डोळ्यासमोर धरला आणि तशीच थांबली.

प्रत्येक जोडीत जिवंत उरलेला वाफा जुन्या वाणाचा असायला हवा होता. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जोडीत तो तसाच होता. उन्हाच्या तडाख्यानं पानं गुंडाळून सुरळीसारखी झाली होती, तहानलेली ज्वारी करते तशी. पण तिसऱ्या जोडीतल्या जिवंत वाफ्याची पानं सपाट, उघडी, तुकतुकीत होती.

त्या वाफ्याला तहान लागली नव्हती. कुठूनतरी खोलातून तो पाणी पीत होता.

ज्ञानेश्वरी बांधावर बसली. तिला पेरणीचा दिवस आठवला. ती पुतणीच्या साखरपुड्यात होती आणि मोनिकाचा फोन आला होता. तिफण धरणाऱ्यानं तिसऱ्या जोडीत थैल्यांची अदलाबदल केली, सीनाई डावीकडे पेरायची ती उजवीकडे गेली, आता काय करू? फोनवर मोनिकाचं नाव बघूनच ज्ञानेश्वरीचं डोकं तडकलं होतं. राहू दे तसंच, चिठ्ठीनं काय नि चुकीनं काय, फरक पडत नाही, पण कुणाला सांगू नकोस, समितीला वाफे ओळखता येता कामा नयेत, एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता. आणि मोनिकाचं म्हणून ते मनातूनही झटकून टाकलं होतं.

तिसऱ्या जोडीत मेलेला वाफा सीनाईचा नव्हताच. तो जुन्या वाणाचा होता.

मारणाऱ्याला चिठ्ठ्या ठाऊक होत्या, अदलाबदल ठाऊक नव्हती. मोनिकाला ती ठाऊक होती. स्वतःचा प्रयोग बुडवायला निघालेली बाई तिसऱ्या जोडीतली सीनाई सोडून भलताच वाफा का मारेल? आणि आपल्यावरचा संशय टळावा म्हणून तिनं तो मुद्दाम चुकवला असता, तर पहिल्याच दिवशी ती चूक सगळ्यांना बोट दाखवून सांगितली असती. तिनं ती लपवली. अगदी स्वतःच्या अंगावर शेकत असतानाही लपवली.

काल समोर बसून ती ज्ञानेश्वरीकडे का बघत राहिली होती, हे आता समजलं. आणि ती कुणासाठी गप्प होती, तेही.

ज्ञानेश्वरी कितीतरी वेळ उठली नाही. अहवाल तयार होता. तिसऱ्या जोडीबद्दल जगात दोघींनाच माहीत होतं, आणि दुसरी बोलत नव्हती. फक्त आपण गप्प राहायचं होतं. फलकावरचा फोटो आपोआप खाली आला असता.

६

वैजनाथ त्याच्या खोलीत एकटाच होता. ज्ञानेश्वरीनं समोर बसून सगळं क्रमानं सांगितलं. औषध उशिरा काम करतं, त्यामुळे हिवरे बाजारच्या मुक्कामाचा उपयोग नाही. काकासाहेब आणि आबासाहेब त्या आठवड्यात इथं नव्हतेच. चिठ्ठ्या ठाऊक असलेला आणि इथं हजर असलेला मोनिकाखेरीज एकच माणूस उरतो. तो तिच्या घरात राहतो, आणि ती दवाखान्यात गेल्यावर पिकाकडे बघायला कुणी नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. वैजनाथ मान हलवत राहिला. हे सगळं मोनिकालाही लागू पडतं, एवढंच तो म्हणाला.

"नाही पडत," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तिसऱ्या जोडीत पेरणीच्या दिवशीच अदलाबदल झाली होती. सीनाईचा एक वाफा जिवंत आहे. मोनिकाला ते पहिल्यापासून माहीत आहे."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. पकडला गेल्याची भीती त्यावर नव्हती. दुसरंच काहीतरी होतं.

"मला नाही सांगितलं तिनं," तो म्हणाला. "पेरणीपासून आजपर्यंत रोज शेजारी शेजारी जेवायला बसतो आम्ही."

त्यानंतर त्यानं काही लपवलं नाही. कांद्याच्या कोठीतून औषध आणि पंप नेला होता, भिमाजी जेवायला गेला असताना भर दुपारी. नोझलला डबा बांधला होता, शेजारच्या वाफ्यावर उडू नये म्हणून. आपण तिला बुडवायला निघालो नव्हतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शिबिरात शेतकरी त्याची ओळख सीनाईवाल्या मॅडमचे मिस्टर अशी करून द्यायचे. सासरी तसंच, बँकेत तसंच. त्याच्या स्वतःच्या कामाबद्दल कुणी विचारलं त्याला वर्षं झाली होती. एकच हंगाम फसावा, एकदा ती रडत घरी यावी आणि आपण तिला धीर द्यावा, एवढंच त्याला हवं होतं.

"मग ती घाबरलीय, असं मला का सांगितलंत?"

वैजनाथनं नजर चुकवली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्या चुकवलेल्या नजरेत ज्ञानेश्वरीला स्वतःचा कालचा उत्साह ओळखू आला आणि ती तिथून जवळजवळ पळालीच.

घरी जाऊन तिनं जुना अहवाल पुसून टाकला आणि नवा लिहिला. तिसऱ्या जोडीचा फोन आपण विसरलो होतो, हेही त्यात घातलं. कुलगुरूंनी वैजनाथचं नाव वगळता येईल का म्हणून विचारून पाहिलं. तिनं नाही म्हटलं. तो निलंबित झाला आणि गावी, पाथर्डीकडं निघून गेला. मोनिकानं त्याला अडवलं नाही, आणि त्याच्याविरुद्ध कुणाशी एक शब्दही बोलली नाही.

७

डिसेंबरअखेर समिती आली तेव्हा तिसऱ्या जोडीतला तो वाफा फुलोऱ्यात होता. त्याच्या कडेनं माणूसभर खोल खड्डा खणला, एका बाजूची माती पाण्याच्या बारीक धारेनं हळूहळू धुतली, आणि मुळं उघडी पडत गेली. पांढरी, दोऱ्यासारखी, आधी गुडघाभर, मग कमरेइतकी, मग छातीहूनही खोल. शेजारी दुसऱ्या जोडीतला जुना वाण खणला होता. त्याची मुळं कमरेइतक्या खोलीवरच संपली होती. समितीतला एक म्हातारा गृहस्थ आपसूक टाळ्या वाजवू लागला.

तेव्हा ज्ञानेश्वरीलाच पुढं होऊन सांगावं लागलं, की एका वाफ्यावरून काही सिद्ध होत नाही, हा प्रयोग पुढच्या रब्बीत पुन्हा चारही जोड्यांसह घ्यायला हवा. बोलताना तिला भीती वाटली की सगळ्यांना हे जळण्यातून आलंय असं वाटेल. समितीनं तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि एक हंगाम वाढवून दिला.

पाहुणे जेवायला गेले. खड्ड्याच्या काठावर दोघीच उरल्या. मोनिका या महिन्यात बारीक झाली होती. क्वार्टरमध्ये आता ती आणि काठी टेकत चालणारी बायडाबाई, दोघीच होत्या.

"तुम्ही बरोबर बोललात," मोनिका म्हणाली. मग, "तेव्हा तुम्हाला वाटलं होतं ना मॅडम, मीच केलं म्हणून?"

ज्ञानेश्वरीनं मुळांकडे पाहिलं. मुळं खरोखर सुंदर होती, आणि ज्ञानेश्वरीला त्यांचा अजूनही हेवा वाटत होता.

"वाटलं नव्हतं. तसं निघावं, असं वाटत होतं."

ज्ञानेश्वरीला वाटलं, आता मोनिका निघून जाईल. पण तिनं साडीचा पदर खोचला आणि शिडीवरून सावकाश खड्ड्यात उतरली. तळाशी पोचल्यावर तिनं मोजपट्टीचं एक टोक मुळाच्या शेंड्याशी धरलं आणि दुसरं वर केलं.

"वरचं टोक धरायला कुणीतरी लागेल," ती म्हणाली. "आणि पुढच्या लेखात तुमचं नाव कुठं घालायचं, ते आता खड्डा बुजवायच्या आधी ठरवू."

ज्ञानेश्वरी खाली वाकली आणि तिनं मोजपट्टी धरली.